बारा मिनिटांची सेरेनेड

"तो जूनपर्यंतच आहे ना? मग त्याला कशाला विचारायचं?"

पहिल्या व्हायोलिनवाल्या काकू चहाचा कप हातात धरून सरांशी बोलत होत्या. हळू बोलणं त्यांना जमत नाही. मी मागे माझ्या व्हायोलाच्या तारा जुळवत होते; ऐकू आलंच नाही असं दाखवलं. तो म्हणजे माझ्या शेजारी बसणारा, कल्याणचा, बँकेतला. त्याची कोइमतूरला बदली झाली होती. मागच्या रविवारी त्याने ते सगळ्यांना एकदमच सांगितलं. सगळ्यांत मीही आले.

आम्ही अकरा जण रविवारी सकाळी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये वाजवतो. फक्त तंतुवाद्यं. नोटेशनची पानं उडतात म्हणून पंखा बंद, तरी प्रत्येक स्टँडला कपड्यांचे चिमटे लावलेले. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी आयुष्यभर फिल्मी रेकॉर्डिंगला मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवलंय. नवीन काही बसवायचं असलं की त्यांचा नियम असा: प्रत्येकाने उभं राहून आपली आवडती रचना सांगायची, आणि ती का, तेही. त्या दिवशी सेरेनेड, म्हणजे तंतुवाद्यांसाठीची एखादी हळुवार पाश्चात्त्य रचना, निवडायची होती.

तीन वर्षांत माझं उत्तर एकच. "काहीही चालेल, सर." शाळेतही उत्तर येत असताना मी हात वर करायचे नाही.

व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या सुरातली बहीण, आम्ही दोघंच वाजवतो, एका स्टँडवर. आतल्या बाजूला, प्रेक्षकांपासून लांब बसणाऱ्याने पान उलटायचं, अशी रीत आहे. आत मी बसते. पान संपत आलं की मी वाजवणं सोडते, उलटते. तोवर तो एकटा वाजवत राहतो, मग मी त्याला जाऊन मिळते. सुरुवातीला तो दर वेळी "थँक्स" पुटपुटायचा. पुढे ते बंद झालं. बंद झालं ते मला आवडलं होतं. का, ते मी कोणाला सांगितलं नाही. तसं सांगायला कोणी विचारलंही नव्हतं.

खरं तर माझी आवडती सेरेनेड चेक संगीतकाराची. बाळकुमहून ऑफिसला जाताना हेडफोनवर तिचा संथ भाग मी इतक्यांदा ऐकलाय, की बस टेंभी नाक्याला अडकली तर मला बरंच वाटतं. कोणीतरी निघायला उठतं आणि दाराशी थांबतं, असा तो भाग आहे. निदान मला तसा ऐकू येतो.

"ती रशियन सेरेनेडच घेऊ या," काकू उभ्या राहून म्हणाल्या. "लोकांना वाटलं पाहिजे, काहीतरी भव्य ऐकलं!"

चार-पाच माना हलल्या.

"दिवाळीपर्यंत बसवू," सर म्हणाले.

"कुठल्या वर्षीच्या?" चेलोवाल्या काकांनी विचारलं. सगळे हसले. तोही हसला.

"तू सांग रे," सर त्याला म्हणाले. काकूंनी भुवया उंचावल्या.

तो अर्धवट उठला. "मी नसेनच ना सर तेव्हा. तुम्ही ठरवा." बसला, आणि स्टँडचा चिमटा काढून पुन्हा तिथेच लावला.

माझ्या चेक सेरेनेडलाही दिवाळीच उजाडली असती. छोटी फक्त एक, इंग्रज संगीतकाराची. जेमतेम बारा मिनिटं. तिच्याबद्दल मला कधी फार काही वाटलेलं नाही. पण ती व्हायोलांपासून सुरू होते. बाकीचे थांबलेले असतात, आणि व्हायोलावाल्यांना एकमेकांकडे बघून, एकदम श्वास घेऊन सुरुवात करावी लागते. जूनपर्यंत सात रविवार होते.

माझ्या उत्तरासाठी कोणी थांबलंच नव्हतं. सरांनी "मग रशियन" म्हणत पेन उघडलं. मी उभी राहिले. खुर्ची फरशीवर कर्कश घासली गेली, सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मला इंग्रजवाली हवी, सर."

"अगं, ती एवढीशी!" काकू म्हणाल्या. "का पण?"

व्हायोलाला तिच्यात छान काम आहे, हे उत्तर तोंडाशी तयार होतं. खोटंही नव्हतं. कोणाला काही कळलं नसतं आणि सरांनी मान हलवून रशियनच लिहिली असती. शेजारी तो मान वर करून माझ्याकडे बघत होता.

"सात रविवारांत बसेल," मी म्हणाले. "हा जायच्या आत."