वळणावरच्या खांबाचा कट्टा

जांभ्या दगडाचा चिरा कापताना उडणाऱ्या तांबड्या धुळीचा वास आला की मला वळणावरचा तो दिव्याचा खांब आठवतो. त्या रस्त्याच्या कामावर मी अभियंता होतो. गाडी आदळली तर बुंध्याशी मोडून पडणारे, आतल्या माणसाला वाचवणारे खांब मी वरिष्ठांशी भांडून मंजूर करून घेतले होते. महिनाभराने पाहायला गेलो, तर वाडीतल्या माणसांनी त्या खांबाभोवती चिऱ्यांचा कमरेएवढा कट्टा बांधून आत सिमेंट ओतलं होतं. "साहेब, तुमचा खांब की शेवग्याची फांदी? वाऱ्यानं डुलत होता हो! आता हत्ती आपटला तरी हलायचा नाही," वाडीचे प्रमुख मानकरी, गावकर, हसत म्हणाले. तो कट्टा मी तेव्हाच पाडायला लावायला हवा होता. पण त्यांनी कौतुकाने कोकम सरबत पुढे केलं आणि मी त्याच कट्ट्यावर बसून ते प्यायलो. पुढच्याच पावसाळ्यात एक रिक्षा घसरून त्यावर आदळली आणि रिक्षावाल्याचा पाय गुडघ्यापासून गेला. मी पोचलो तेव्हा चेपलेली रिक्षा तिथेच होती, आणि गावकर कट्ट्यावर थाप मारून सांगत होते, "बघा साहेब, एक चिरा हलला नाही!" माझं डोकं फिरलं. "हलायलाच हवा होता! खांब पडला असता तर त्याचा पाय राहिला असता!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. गावकर गोंधळले. मग हळूच म्हणाले, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" अजूनही मला त्यांचा संताप येतो, आणि सगळ्यात जास्त येतो तो त्या प्रश्नाचा, कारण तो विचारायचा त्यांना हक्क होता.