मास्तरांचं पोट

मास्तरांनी उभा जन्म लोकांची पोटं लपवण्यात घालवला. धंदाच तो. शिंप्याच्या दुकानात शिरणारा पुरुष पोट आत ओढूनच शिरतो. मास्तर मग टेप हातात घेऊन उगाच हवापाण्याच्या गप्पा काढायचे, म्हणजे बोलण्याच्या नादात गिऱ्हाइकाचा श्वास सुटतो आणि खरं माप हाती लागतं. पुढे पट्टा कुठे बसवायचा, चुण्या किती द्यायच्या, घेर कुठे सोडायचा हे ते असं जमवत की गिऱ्हाईक आरशात स्वतःवर खूश होऊन जाई. गल्लीतले निम्मे पुरुष केवळ मास्तरांच्या कृपेने सडपातळ दिसत होते.

स्वतःचं माप मात्र त्यांना घेता येत नसे. ते कुठल्याच शिंप्याला येत नाही. टेप बघायला मान खाली घातली की कंबर बदलते, हात वर केला की छाती. मास्तरीणबाई होत्या तोवर टेप त्या धरत. "श्वास सोडा हो, मला काय फसवताय," असं वर ऐकवतही. त्या गेल्या आणि मास्तर स्वतःचे कपडे अंदाजपंचे बेतू लागले.

त्यानंतरच्या वर्षी मास्तरांच्या आतड्याला पीळ पडला. कात्री चालवता चालवता अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. तशातही त्यांनी स्वतः शटर ओढलं, स्वतः टॅक्सी थांबवली आणि हॉस्पिटलात जाऊन स्वतःच सह्या केल्या. पोट मधोमध उघडावं लागलं. एकुलता एक मुलगा परदेशात, आणि नेमके सूनबाईंचे दिवस भरत आलेले. त्याच्या जिवाला घोर कशाला, म्हणून मास्तरांनी त्याला फोन दुरुस्तीला टाकतोय असं सांगितलं आणि फोन बंद करून उशाखाली ठेवला.

गल्लीला काय सांगायचं हा प्रश्न होताच. दुकान उघडलं त्या दिवशी समोरच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, "मास्तर, होतात कुठे इतके दिवस?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "मुलाकडे." झालं. मग तिथले रस्ते कसे, थंडी किती, नातू कुणासारखा, सगळं रचून सांगावं लागलं. "पण वाळलात हो," इस्त्रीवाला म्हणाला, "तिकडचं खाणं मानवलं नाही वाटतं." मास्तर म्हणाले, "खाणं चांगलं होतं, झोप नव्हती." एवढं एकच वाक्य खरं होतं.

हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, जड उचलायचं नाही. आता उचलायचं नाही म्हणजे दुसऱ्या कुणी तरी उचलायचं, आणि तो दुसरा कुणी मास्तरांकडे नव्हता. कापडाचे गठ्ठे त्यांनीच हलवले, शिलाई मशीनही त्यांनीच सरकवलं. पुढे बेंबीखाली, व्रणाच्या कडेला, एक फुगवटा दिसू लागला. उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की गायब. मास्तरांनी त्याच्यावर शिंप्याचा इलाज केला. कमरेला बकरमचं दुहेरी कडक अस्तर घालून, चांगली उंच पट्टी लावून त्यांनी स्वतःच्या पँट्स शिवल्या. पट्टी इतकी कडक की फुगवट्याची डोकं वर काढायची बिशाद नाही. आपल्या कारागिरीवर ते मनातून खूशही होते. डॉक्टरला दाखवायचं सोडून पँट शिवणारा माणूस शिंपीच असायचा.

मुलाचा फोन रविवारी यायचा. बरे आहात ना, हो, तू बरा ना, हो, की संपला. पण एका रविवारी व्हिडिओवर मास्तर नेमके घरच्या ढगळ पायजम्यात होते आणि उठून खिडकी लावायला गेले. "बाबा, पोट किती सुटलंय!" मुलगा ओरडला. आणि मग काय झालं कोण जाणे, त्याने ते मनावरच घेतलं. मंगळवारी फोन. गुरुवारी पुन्हा फोन. बाबांच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने तिकडे बसून इकडच्या एका क्लिनिकात सगळं ठरवून टाकलं. चिरफाड नाही, सुई नाही, नुसती थंडी देऊन चरबी गोठवतात, मग ती आपोआप विरते.

"मला काय फ्रिजमध्ये ठेवणार?" मास्तर म्हणाले. मुलगा हसला. किती तरी दिवसांनी हसला. त्या हसण्यावर मास्तर विरघळले.

"बरं, क्लिनिकवाले विचारतायत," मुलगा म्हणाला. त्याची नजर दुसऱ्याच कुठल्या तरी पडद्यावर होती. "मधुमेह? थंडीने अंगावर पित्त वगैरे उठतं का? पोटाचं काही ऑपरेशन?"

"नाही, नाही, नाही," मास्तर म्हणाले. तिसरं नाही खोटं होतं. पण खरं सांगितलं असतं तर हे सगळं तिथेच संपलं असतं, आणि मंगळवार-गुरुवारचे फोनही. मास्तरांना पोट कमी करायचं नव्हतं. त्यांना ते फोन हवे होते.

क्लिनिक म्हणजे पांढऱ्या भिंती आणि कुजबुजत बोलणारी माणसं. पहिल्या खेपेला यंत्रावरच्या मुलीने त्यांना पलंगावर निजवलं. व्रण दिसताच तिने विचारलं, "काका, हे कसलं?"

"लहानपणचं गं. आठवतही नाही."

निजल्यावर पोट सपाटच होतं. तिने मग त्यांना उभं केलं, तेव्हा मास्तरांनी सराईतपणे पँटची पट्टी वर ओढून घेतली होती. तिने टेप काढला आणि त्यांच्या कमरेभोवती फिरवला.  मास्तरीणबाई गेल्यापासून कुणी त्यांचं माप घेतलं नव्हतं. मुलगी टेप जरा तिरका धरत होती, पण त्यांनी तिला टोकलं नाही. तिने मोजून टेप गुंडाळला, तेव्हा मास्तरांना वाटलं, हिने अजून एकदा मोजावं.

"पुढच्या खेपेला मशीन लावू," ती म्हणाली. "हा पेला पोटाला लावायचा. तो मांस आत खेचून धरतो आणि गोठवतो. नंतर संध्याकाळी घरच्या कुणाला तरी नीट बघायला सांगा. कातडी पांढरी पडली, फोड आला, दुखायला लागलं, तर लगेच फोन करायचा. घरी आहेत ना कुणी?"

"आहेत की," मास्तर म्हणाले. "घर भरलंय."

त्या आठवड्यात मास्तरांच्या डोक्यातून तो पेला जाईना. आत खेचतो म्हणे. काय काय खेचत असेल? कापडावर खडू फिरवताना त्यांचा हात थांबायचा, आणि दुसरा हात पट्टीवरून पोटावर जायचा. भीती वाटत होती. तरी ठरलेल्या दिवशी ते गेले, कारण आदल्या दिवशी मुलाने फोन करून सांगितलं होतं, "झालं की लगेच कळवा हं, मी वाट बघतोय." वाट बघतोय, हे शब्द त्याने किती वर्षांनी वापरले होते.

पण यंत्र लावण्याआधी पोटाला हात लावून बघायचा, असा तिथल्या डॉक्टरबाईंचा शिरस्ता होता. त्यांनी मास्तरांना पँटची कडक पट्टी सोडायला लावली, बेंबीखाली बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "डोकं उचला. आता खोका."

मास्तर अगदी नाममात्र खोकले.

"नीट खोका, काका. इथे पट्टी नाही तुमची."

मास्तर खोकले, आणि फुगवटा डॉक्टरबाईंच्या बोटांखाली टरारून वर आला. त्यांनी हात तसाच ठेवला. रागावल्या नाहीत. "हे लहानपणचं नाही," त्या म्हणाल्या. "आतले टाके सुटलेत. याला हर्निया म्हणतात. ही चरबी नाही काका, तुमचं आतडं आहे. यावर मशीन लावलं असतं, आतडं अडकलं असतं, तर आज रात्री तुम्ही पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर असता. आम्ही हे प्रश्न गंमत म्हणून विचारतो का?"

"नाही," मास्तर म्हणाले. शाळेतल्या पोराने म्हणावं तसं.

"सर्जनला दाखवा. आणि पोटाला मशीन कायमचं विसरा. मुलाला मी सांगू की तुम्ही?"

"मी सांगतो."

घरी येईपर्यंत त्यांनी थापा बेतल्या. मशीन बिघडलं. मुलगी रजेवर होती. माझाच मूड नव्हता. सगळ्या अंगाला नीट बसत होत्या. खुर्चीत बसले न बसले तोच मुलाचा फोन आला. "काय, झालात का बारीक?" आवाजात इतकी उमेद होती की मास्तरांना पुढचं खोटं बोलवेना. त्यांनी सांगून टाकलं. पीळ, ऑपरेशन, बंद ठेवलेला फोन, हर्निया. सांगताना ते सारखं, काही विशेष नाही रे, असं म्हणत होते.

"बाबा, मी सरळ विचारलं होतं तुम्हाला," मुलाचा आवाज चढला. "ऑपरेशन झालंय का म्हणून. काही झालं असतं तर?"

"तू क्लिनिकवाल्यांसाठी विचारत होतास."

हे बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. निघून गेलं. पलीकडे खुर्ची सरकली. मागे कुठे तरी नातवाची खेळणी वाजत होती, मग दार लावल्याचा आवाज आला आणि तीही थांबली.

"आता मी विचारतोय," मुलगा म्हणाला. "तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?"

इस्त्रीवाला होता, शेजारीपाजारी होते, सगळी गल्ली होती. ही थाप जिभेवरच होती.

"कोणी नव्हतं रे," मास्तर म्हणाले. "शुद्धीवर आलो, तर बाजूच्या खाटेवरच्या माणसाची बायको ओल्या रुमालाने त्याचं तोंड पुसत होती. मी बघत होतो, तर तिने माझंही पुसलं. विचारलं, तुमचं कोण आहे? मी म्हटलं, मुलगा आहे की, खाली औषधं आणायला गेलाय. घरी जाईपर्यंत तिला तेच सांगत होतो."