बांधावरची कोपी

मला कोरोना झाला तेव्हा मी औरादला डाळमिलीत कामाला होतो. शाळा सातवीतच सुटलेली, घर लांब नाशिककडं. खोलीबाहेर पडायची बंदी होती. समोरचे अण्णा मात्र रोज सकाळी रस्त्यापलीकडून ओरडायचे, "ए नाशिकवाल्या, जित्ता हाईस का न्हाई?" मी 'आहे' म्हटलं की बिडी पेटवायचे आणि ज्वारीत आज कोणती पाखरं उतरली ते सांगायचे. औषधपाण्याचं कधी विचारायचे नाहीत.

येळ अमावस्येला इथं सगळं गाव शेतात जेवायला जातं. गल्ली रिकामी झाली तशी मला धास्ती बसली, काही झालं तर हाक कोणाला मारायची? तेवढ्यात अण्णा दारासमोर आले. "चल. लांबून ये माझ्या मागं."

शेतात पूजेसाठी कडब्याची एकच कोपी घालतात. अण्णांनी दूर बांधावर माझ्या सावलीला दुसरी उभी केली होती. तिथं भज्जी-भाकर, आंबील ठेवून ते मागं सरले.

त्यांची सून म्हणाली, "मामा, बसा की जेवाया."

"त्याला घास घेऊ दे आधी. एकटा हाय त्यो."

माझ्या तोंडाची चव गेली होती. तरी मोठा घास घेतला, त्यांना लांबून दिसावा म्हणून.