आईच्या देवाची तपासणी

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा आम्ही कुरुळीत राहत होतो. आई, मोठा भाऊ आणि मी. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले, आणि त्यानंतर आईनं लातूर सोडून आम्हाला इकडं आणलं होतं. भाऊ चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. लाइनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा आणि ड्रॉइंगशी जुळला नाही तर बाजूला टाकायचा, हे त्याचं काम. मी चिंचवडला एका ऑफिसात होते.

आईला प्रार्थनेला नेलं ते शेजारच्या मावशींनी. त्या जालन्याकडच्या, आजा-पणजापासून ख्रिस्ती. केमो सुरू झाल्यावर आईला अन्न जाईना. मावशी पेज घेऊन यायच्या आणि आईच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून पुटपुटायच्या. "त्यांचा हात लई हलका हाय," आई म्हणायची. एका रविवारी दोघी रिक्षानं दिघीला गेल्या. तिथं हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल होता, त्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक कीबोर्ड. येताना आई मावशींकडचं बायबल घेऊन आली. देव्हाऱ्यातली भवानी तिनं हलवली नाही, पुस्तक तिच्या शेजारी ठेवलं. सकाळी दिवा लावायची आणि मग उन्हात बसून शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचायची.

मला त्यातलं काही खरं वाटत नव्हतं. मेलेला माणूस उठून चालू लागतो, हे मी आजही मानत नाही. पण आई जेवू लागली होती.

भावाला ते खपलं नाही. धर्म बाटेल वगैरे तो कधी म्हणाला नाही, तो भवानीलाही मानत नव्हता. घरात खोटं नको, एवढंच त्याचं म्हणणं. त्यानं बायबल फोनवर उतरवून घेतलं आणि वाचून काढलं, आईपेक्षा नीट. पहिली शिफ्ट करून दुपारी यायचा, हातपाय धुवायचा आणि आईसमोर बसायचा.

"आई, येशूला पकडून देणारा तो शिष्य मेला कसा?"

"फास लावून घेतला की त्यानं." आईला वाटलं, लेक आवडीनं विचारतोय.

"मग हे वाच." त्यानं फोन पुढं धरला. "इथं लिहिलंय, पालथा पडला, पोट फुटलं, आतडी बाहेर आली. यातलं खरं कुठलं?"

आईनं वाचलं, परत वाचलं. "दोनी झालं आसंल."

"माणूस एकदाच मरतो ना, आई?"

दुसऱ्या दिवशी येशूच्या आज्याचं नाव दोन ठिकाणी वेगळं कसं, हे विचारलं. मग रिकाम्या कबरीची पाळी. तिथं बाई एकटी गेली की बायका गेल्या, आत देवदूत एक होता की दोन? आई अडखळली तरी तो हसायचा नाही, आवाजही चढवायचा नाही. तिच्या तोंडाकडे बघत नुसता बसून राहायचा. ती घामाघूम व्हायची. मी एकदा मध्ये पडले. "दादा, पुरे आता."

"उद्या औषधं सोडील ही," तो म्हणाला. आईनं एकही गोळी कधी चुकवली नव्हती.

शेवटी आईनं हे प्रश्न दिघीच्या हॉलमधल्या पास्टरांपुढे ठेवले. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, तुमच्या घरात संशयाचा आत्मा शिरलाय. तो आहे तोवर ही गाठ विरघळायची नाही." तेव्हापासून आई स्वतःच्या मुलाला भिऊ लागली. त्याची गाडी दारात थांबली की पुस्तक पदराखाली जायचं.

नंतरच्या तपासणीत आजार यकृतात पसरलेला निघाला. डॉक्टरांनी मला आणि भावाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. आईला इतक्यात कळू द्यायचं नाही, असं भावानंच ठरवलं. आईला मात्र त्या आठवड्यात हुशारी वाटत होती. रविवारी ती साक्ष देणार होती. देवानं आपलं काय भलं केलं ते सभेत उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. तिनं ठेवणीतली इरकल नेसली. "मीही येतो," भाऊ म्हणाला. आईचा चेहरा इतका उजळला, की मला तिच्याकडे बघवेना.

हॉलमध्ये ती माईकसमोर उभी राहिली. "आज माजा लेक बी आलाय," आधी हे सांगितलं. मग म्हणाली, "प्रभूनं माजी गाठ काढून टाकली. मला आतून कळतंय."

टाळ्या झाल्या. भाऊ जागेवर उठून उभा राहिला. कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलावं तसा बोलला.

"हे खोटं आहे. आजार यकृतात गेलाय. डॉक्टर म्हणाले, आता केमोचाही उपयोग नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि तिला समजायचं ते समजलं. पास्टरांनी तिच्या हातातून माईक घेतला. "विश्वास कमी पडला की काय होतं, ते डोळ्यांनी बघा," ते सभेला म्हणाले. आई बसण्यासाठी मागं हात करून खुर्ची चाचपत होती. मावशी धावल्या नसत्या तर पडलीच असती.

रिक्षात भाऊ म्हणाला, "कधीतरी कळायलाच हवं होतं, आई."

दिघी सुटली. पुस्तक मावशींना परत गेलं. दिवाही बंद झाला आणि जेवणही. दुखणं इतकं वाढलं, की औषधाचा असर तासभरही टिकेना. मग एका दुपारी भाऊच मावशींकडून ते पुस्तक मागून आणून आईच्या उशाशी बसला.

"आई, तुला आवडायचं ते मेंढपाळाचं स्तोत्र वाचू का?"

"आदी त्यातलं चुकलंय काय, ते सांग."

"काही चुकलेलं नाही."

"नीट बगितलं नसशील. बग."

तो वाचू लागला. ती दर ओळीला थांबवायची. हे कशावरून? कुनी बगितलं? ती थकत होती, कण्हत होती, पण विचारायचं सोडत नव्हती. भाऊ रडायला लागला. "खरं आहे गं आई, सगळं खरं आहे."

"आता खोटं बोलायलास," ती म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. चार-दोन दिवसांत गेली.

हॉलमधून कुणी आलं नाही. मावशी स्मशानापर्यंत आल्या, तर लातूरहून आलेल्या मामांनी त्यांना फाटकातच अडवलं. "तुमच्या नादानं गेली आमची बहीण," ते म्हणाले. भाऊ शेजारीच उभा होता. त्यानं मामांना थांबवलं नाही. मावशी उन्हात एकट्याच परत गेल्या.

भाऊ आता दरवर्षी आईचं श्राद्ध घालतो. भटजी सांगतील ते निमूट करतो. गेल्या खेपेला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसले होते. मामा होते, भावाच्या सासरची माणसं होती. मी विचारलं, "दादा, आई खरंच येते का रे कावळा होऊन?"

त्याचा चेहरा पडला. मामांनी माझ्याकडे रागानं बघितलं. मी भावावरची नजर काढली नाही, तो काय बोलतो याची वाट बघत राहिले.