काचेवरची सुगरण

दोन-तीन येडी माणसं एका खोलीत कामाला बसली, की किस्से साचतातच. आमच्याकडं तर ढीग झालाय! पुंडलिकनगरात प्रज्ञाच्या गच्चीवरची खोली हा आमचा स्टुडिओ. प्रज्ञा काचेवर चित्र रंगवते, सलीमभाई वरून फोटो घेतात. मग चित्र थोडं पुसायचं, थोडं बदलायचं, पुन्हा फोटो. हे फोटो भराभर पळवले की चित्र हलतं. मी आवाज आणि चहा बघतो.

*

सलीमभाईंचा जन्म लग्नाच्या शूटिंगमध्ये गेलेला. काचेवर पहिला सुगरण पक्षी तयार झाला आणि सवयीनं ते ओरडले, "दुल्हन, जरा इधर देखो!"

प्रज्ञा म्हणाली, "सलीमभाई, हा नर आहे. घरटं नरच विणतो."

त्यांनी ते पिवळं डोकं निरखलं. "अच्छा! दूल्हेमियाँ, पगडी सीधी करो!"

*

खरी घरटी बघायला मुकुंदवाडीच्या पुढं एका विहिरीवर गेलो; काठच्या झाडावरून ती विहिरीत लोंबत होती. आम्ही वाकून बघतोय म्हटल्यावर गर्दी जमली.

"कोण पडलं?"

"कुणी नाय. पाखरू बघतोय."

मग सगळेच बघायला लागले. मादी आली, अर्ध्या घरट्यात डोकावली आणि उडून गेली. नर गुमान दुसऱ्या फांदीवर विणायला लागला. मळेवाल्या मावशी नवऱ्याला म्हणाल्या, "बघा! बाईला पसंत नाय तर बिचारा पुन्हा बांधतोय. आपल्या न्हाणीला अजून दार नाय!"

*

एकदा प्रज्ञा जेवायला खाली गेली, तेवढ्यात तिच्या आईनं खोली आवरली. काच लख्ख!

"आई, सकाळपासूनचं चित्र होतं गं!"

"तू तरी दिवसभर काय करतीस? काढतीस अन् पुसतीस. मी जरा नीट पुसली!"

*

प्रज्ञानं कंपनीतली नोकरी सोडली, तेव्हापासून तिचे वडील, अण्णा, तिच्याशी बोलत नव्हते. निरोपसुद्धा आईमार्फत. उस्मानपुऱ्यात एका छोट्या हॉलमध्ये आम्ही फिल्म दाखवली, तेव्हा आईनं त्यांना अक्षरशः ओढून आणलं.

फिल्म जेमतेम तीन मिनिटांची. नर विणतो, मादी नाकारते, तो पुन्हा गवताची पात घेऊन येतो. टाळ्या पडल्या. मग अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "मला काय समजलं नाय."

प्रज्ञाचा चेहराच उतरला.

"पुन्हा लाव."

लावली.

"नाय समजलं. लाव."

लोक पांगले. हॉलवाल्यानं खुर्च्या गोळा केल्या, अण्णांची तेवढी राहिली. प्रज्ञा त्यांच्याशेजारी खालीच बसली.

"अण्णा, नेमकं काय समजलं नाय?"

पडद्यावरची नजर न काढता अण्णा म्हणाले, "ते राहू दे. तू लाव."