गाठ न धरणारा पेरू

पेरूच्या रोपांना मुद्दाम रोग लावायच्या कामात किस्से इतके साठतात, की एक सांगायला जावं तर दुसरा पदर ओढतो! मिरजगावाजवळच्या नर्सरीत आम्ही बायका कुंड्या भरतो आणि मॅडम त्यातून रोगाला न हरणारं झाड शोधतात. मी तिथं गेले ती हट्टानं. जमिनीतली सूत्रकृमी, डोळ्यांना न दिसणारी अळी, मुळात शिरून आयतं खाते. मुळांना गाठी धरतात, झाड वाळतं. आमची पेरूची बाग तशीच गेली. मुलानं, दत्तानं, ती उपटली. बांधाकडचा एक तुकडा मात्र मी रिकामा ठेवला. तिथं पुन्हा पेरूच लावायचा!

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी वाळल्या बागेतली माती आमच्यापुढं ओतली. "ही प्रत्येक कुंडीत घाला. रोग लागलाच पाहिजे."

माझी मैत्रीण पारू कमरेवर हात ठेवून उभी! "अवो मॅडम, आमी रोपं जगवायला आलोय का मारायला?"

"मरतील ती मरू द्या. जे मरणार नाही, त्याच्यासाठी आपण आलोय!"

*

पारूचं काळीज मऊ. एक दिवस बघतो तर एक ओळ हिरवीगार! मॅडम धावत आल्या, फोटो काढले, मोठ्या साहेबांना फोन लावला.

पारू कौतुकानं म्हणाली, "फुलणारच की! येताना रोज मूठभर निंबोळी पेंड घालती मी. लई कोमेजली हुती बिचारी."

फोन चालूच होता!

अख्खी ओळ बाद. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पारूबाई, आपणच मदत केली, तर झाडाच्या रक्तात काय आहे ते कळणार कसं?"

तेव्हापासून वॉचमन गोरख गेटवर पारूला अडवायचा. "मावशी, मूठ उघडा!"

पारूही कमी नाही. गोरखला सर्दी झाली, तर तिनं त्याच्या हातातली गोळीच काढून घेतली. "थांब! रक्तात काय हाय बघू दे!"

*

मॅडम आधी हिमालयात पाइनच्या झाडांवर शिकलेल्या. जेवताना आमच्या ठेच्यानं हाशहुश करत सांगायच्या, "बुरशी शिरली की पाइन डिंक सोडतो, तिला तिथंच कोंडतो. ते हत्यार आई-बापाकडून आलेलं असतं. पण नुसतं असून भागत नाही. एक झाड चोर दारात असतानाच ते उचलतं, दुसरं चोरी झाल्यावर!"

मी गोरखकडं बघितलं. "म्हंजी आमचा वॉचमन दुसऱ्या झाडाच्या जातीचा!"

"मावशी," गोरख म्हणाला, "हितं चोरायला रोगाशिवाय हाय काय?"

*

घरी दत्ताचं टुमणं चालूच. "आई, त्या तुकड्यात ऊस घालतो."

"घाल. आधी मला नांगराखाली घे."

"एकदा ह्या हातानं झाडं उपटली. पुन्यांदा न्हाई उपटायचा मी!"

*

मग रोपं उपटून मुळं तपासायचा दिवस आला. धुवावं, तर गाठी. दुसरं धुवावं, तर गाठी. मॅडमचा चेहरा उतरत चालला. "पुढचं घ्या," मी म्हणत राहिले.

कोपऱ्यात जंगली पेरूशी संकर केलेलं एक वाकडं रोप होतं, आम्ही सगळ्यांनी नावं ठेवलेलं. धुतलं. मुळं शेवयांसारखी पांढरी, साफ! पारूनं मॅडमना अशी मिठी मारली, की दोघी चिखलात!

मॅडम चिखल पुसत उठल्या. "एकदा टिकलं म्हणजे झालं नाही. याची रोपं करून सगळ्यात वाईट जमिनीत लावायची. पेंड नाही, औषध नाही."

"माझा तुकडा हाय की!" मी म्हटलं.

*

त्याच्यापासून केलेलं पहिलं रोप माझ्या तुकड्यात लावलं, त्या दिवशी दत्ता बांधापर्यंतही आला नाही. "वाळंल," एवढं बोलला आणि ट्रॅक्टर घेऊन गेला. मी घरात सगळ्यांना बजावलं, "पाण्याशिवाय त्याला कुणी काय घालायचं न्हाई. त्याचं त्याला लढू द्या."

काही दिवसांनी उजाडता उजाडता तुकड्यावर गेले, तर रोपापाशी दत्ता उकिडवा बसलेला. मला बघून ताडकन उठला. हात पाठीमागं.

"काय करतूस रं?"

"काय न्हाई. आपलं सहज."

"दत्ता," मी म्हटलं, "मूठ उघड!"