मागच्या दारातली चप्पल

विट्याहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात दाढी करत होतो. "भावजी, ह्यांच्या छातीत कळ आली म्हून दवाखान्याची गाडी बोलावली... त्येंनी दार आतनं लावून घेतलंय." मी एकच विचारलं, "डायव्हरचा शर्ट कसला हाय?" ती म्हणाली, "खाकी."

दार फोडेपर्यंत दादा गेला होता. मागच्या दारापाशी पडला होता, एक चप्पल पायात.

माझा हा थोरला भाऊ गलाईवाला. दक्षिणेतल्या एका शहरात सोनं गाळायचं दुकान त्यानं कितीतरी वर्षं चालवलं आणि एकाएकी बंद करून परत आला. आला तो असा विचित्र होऊन. दारात जीप थांबली की भरल्या ताटावरून उठायचा. मीटर बघायला येणाऱ्यालाही दार उघडायचा नाही. मी फौजेत. पहिल्यांदा वर्दीत घरी आलो, आई भाकरतुकडा ओवाळून टाकतेय तोवर हा मागच्या दारानं पसार! मला ते फार लागलं. आमचं घराणंच तापट; पुढं दोन सुट्ट्या मी त्याच्याशी बोललो नाही.

मग एकदा शेंगा फोडता फोडता आई म्हणाली, "आरं, त्येला पोलिसांनी जेवताना उचलला दुकानातनं. चोरीचं सोनं घेतलं म्हनं. अनवाणी चालवत न्हेला भर बाजारातनं. लय मारला. आनि मग म्हनले, चुकलं, दुसराच मानूस हुता."

त्यानंतर मी स्टँडवरच कपडे बदलून घरी जायला लागलो. दादा चहाला शेजारी येऊन बसू लागला. एकदा धीर करून विचारलं, "दादा, आता कोन येनार हाय?"

"येत्यात रं," तो म्हणाला. "सांगून येत न्हाईत."

मला सगळं कळलं होतं. पण कळून काय झालं? शर्ट बदलून या, असं दवाखान्याच्या गाडीला कोण सांगतं? त्याला वाचवायला आलेली माणसं बाहेर दार ठोठावत होती, आणि आत तो पुन्हा त्याच बाजारात उभा होता.

त्याची चप्पल कायम मागच्या दारात असायची, तोंड बाहेर करून. परवा विट्याला गेलो, तर तशीच होती. मी ती उचलायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या, भावजी," वहिनी म्हणाली. "अनवाणी जातील पुन्यांदा."